यूसुफ शाहीन : दिग्दर्शक एकच की तीन?

उशिरा_आलेला

गेल्या दोन महिन्यांत मी इजिप्तचे दिग्दर्शक यूसुफ शाहीन यांचे तीन चित्रपट पाहिले, आणि तिसरा संपल्यावर मनात जो गोंधळ उडाला तो जाणकारांपुढे ठेवतो आहे. पहिला होता ‘बाब अल हदीद’ (१९५८). कैरोच्या मुख्य रेल्वे स्थानकावर एका दिवसात घडणारी ही कृष्णधवल गोष्ट जेमतेम सव्वा तासाची आहे आणि शेवटच्या वीस मिनिटांत ती श्वास घेऊ देत नाही. दुसरा ‘अल अर्द’ (१९६९), म्हणजे ‘जमीन’. १९३०च्या दशकातले एक खेडे, पाण्याच्या पाळीवरून पेटलेला संघर्ष आणि संथ, भारदस्त मांडणी. तिसरा ‘अल मसीर’ (१९९७), म्हणजे ‘नियती’. यात बाराव्या शतकातल्या अंदालुसियातील, म्हणजे मुस्लिम राजवटीखालच्या स्पेनमधील, तत्त्वज्ञ इब्न रुश्द यांच्या ग्रंथांवर आलेले संकट आहे, आणि एवढ्या गंभीर विषयात लोक अधूनमधून चक्क गाऊ-नाचू लागतात.

माझी अडचण अशी की, नामावलीत नाव दिसले नसते तर हे तिन्ही चित्रपट एकाच माणसाचे आहेत यावर मी विश्वास ठेवला नसता. पहिल्यात गुन्हेगारी चित्रपटाची धार आहे, दुसऱ्यात खेड्याचा वास्तववाद आहे आणि तिसरा रंगीत, भडक, जवळजवळ संगीतिकेसारखा आहे. शिवाय मधल्या काळात याच दिग्दर्शकाने क्रुसेडच्या धर्मयुद्धांतला सुलतान सलादिन याच्यावर भव्य ऐतिहासिक चित्रपट काढला आणि त्यात राष्ट्राध्यक्ष नासर यांचे गुणगान होते, असे वाचनात आले. त्याच नासर यांच्या राजवटीत १९६७ मध्ये इस्रायलकडून झालेल्या पराभवावर त्याने पुढे असा चित्रपट केला की तो इजिप्तमध्ये सुरुवातीला दाखवूच दिला गेला नाही. एखादा कलावंत काळाबरोबर बदलतो हे मान्य. पण हा बदल आहे, की ज्या वेळी जे चालत होते ते करत राहण्याची धडपड आहे? जवळपास ६० वर्षांच्या या कारकिर्दीला आतून धरून ठेवणारे काही आहे का? असेल तर ते ओळखण्यासाठी पुढे कोणता चित्रपट पाहावा, हेही सांगावे.

जुनी_रिळे

प्रश्न चांगला आहे, पण तुम्ही निवडलेल्या तीन चित्रपटांमध्ये अनुक्रमे ११ आणि २८ वर्षांचे अंतर आहे, हे आधी लक्षात घ्यायला हवे. मधले दुवे गळले की कोणतीही कारकीर्द तुटक दिसते. माझे मत असे की शाहीन यांच्यात एक गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत टिकून आहे. मात्र ती शैलीत शोधली तर सापडणार नाही.

सुरुवात अलेक्झांड्रियापासून करू. शाहीन यांचा जन्म तिथे २५ जानेवारी १९२६ रोजी झाला. घर ख्रिस्ती, वडील लेबनीज मुळाचे वकील, आईकडचे मूळ ग्रीक. त्या काळातल्या या बंदराच्या शहरात अरबी, फ्रेंच, इंग्रजी, ग्रीक आणि इटालियन एकाच गल्लीत ऐकू येत असत. मुलगा शिकला व्हिक्टोरिया कॉलेज या इंग्रजी वळणाच्या शाळेत, आणि त्याचे वेड होते अभिनयाचे. महायुद्ध संपल्यावर तो कॅलिफोर्नियातील पॅसाडेना प्लेहाऊस येथे नाट्यशिक्षण घ्यायला गेला आणि सुमारे दोन वर्षांनी परतला. हा तपशील मी मुद्दाम देतो आहे, कारण हा माणूस दिग्दर्शक झाला तरी त्याच्यातला नट गेला नाही. ते नटपण पुढे कामास आले.

परतल्यावर त्याला काम मिळाले ते चालू धंद्यात. ‘स्टुडिओ मिस्र’ १९३५ सालीच उभा राहिला होता, आणि १९५०च्या आसपास कैरोतील चित्रपटधंदा सबंध अरब जगाला गाणी, विनोद आणि अश्रू पुरवत होता. वयाच्या चोविसाव्या वर्षी शाहीन यांनी ‘बाबा अमीन’ (१९५०) हा पहिला चित्रपट केला, पुढच्याच वर्षी ‘इब्न अल नील’, आणि १९५४ मध्ये ‘सिराअ फिल वादी’. उसाच्या शेतांच्या पार्श्वभूमीवर घडणाऱ्या या चित्रपटात फातेन हमामा या आधीच गाजलेल्या नायिकेसमोर त्यांनी एक अगदी नवा तरुण उभा केला. तो ओमर शरीफ. नंतर सारे जग ज्या चेहऱ्याला ओळखू लागले, तो पहिल्यांदा पडद्यावर आणला शाहीन यांनी.

आता ‘बाब अल हदीद’. तुम्ही त्याला गुन्हेगारी चित्रपट म्हणता, पण त्यातला किनावी कोण आहे, हे तुमच्या लक्षात आले का? स्थानकावर लंगडत वर्तमानपत्रे विकणारा, मासिकांतली बायकांची चित्रे कापून आपल्या खोपटात चिकटवणारा आणि शीतपेये विकणाऱ्या हनूमाच्या मागे वेडा झालेला तो दक्षिणेकडचा गरीब माणूस खुद्द यूसुफ शाहीन यांनी साकारला आहे. हनूमा झालेली हिंद रोस्तम त्या काळची सर्वांत मोहक तारका होती आणि हमालांची संघटना बांधणारा अबू सिरी झालेला फरीद शौकी हा मारामारीच्या चित्रपटांचा लाडका नायक. लोक या दोघांची नावे वाचून तिकीट काढून आले आणि पडद्यावर मधोमध उभा होता घाम फुटलेला, नजर चुकवणारा, दयेला आणि भीतीला एकाच वेळी पात्र ठरणारा एक लंगडा. प्रेक्षक चिडले. चित्रपट आपटला आणि पुढची जवळपास २० वर्षे तो विस्मरणात गेला. बर्लिन महोत्सवात तो दाखवला गेला होता, तरी घरी त्याचा उपयोग झाला नाही.

एक प्रसंग पुन्हा पाहा. थांबलेल्या रेल्वेच्या डब्यात तरुणांचा एक वाद्यवृंद रॉक अँड रोल वाजवतो आहे. हनूमा बादलीतल्या बाटल्या विकता विकता त्यांच्यात नाचू लागते, आणि किनावी बाहेर फलाटावर उभा राहून खिडकीतून बघतो. तो हसतो, ठेका धरतो, काही क्षण त्यालाही वाटते की आपण त्या आनंदाचा भाग आहोत. मधे फक्त खिडकी आहे, पण ती तो कधीच ओलांडणार नाही, हे आपल्याला कळलेले असते. गंमत अशी की त्या खिडकीबाहेर उभा राहण्याची जागा दिग्दर्शकाने दुसऱ्या कोणाला दिली नाही. कॅलिफोर्नियाहून परतलेल्या, अभिनयाचे स्वप्न बाळगणाऱ्या माणसाने तिथे स्वतःला उभे केले. माझ्या मते सबंध कारकीर्द जोडणारा धागा हा आहे. ज्याच्यावर आरोप ठेवायचा, ज्याची झडती घ्यायची, त्या माणसाच्या जागी शाहीन वारंवार स्वतःला ठेवतात. कधी उघडपणे, कधी दुसऱ्या नटाच्या आडून.

सलादिनबद्दल थोडक्यात. ‘अल नासिर सलाह अल दीन’ (१९६३) हा मूळचा शाहीन यांचा प्रकल्प नव्हता. निर्मात्या आसिया दागेर यांनी तो आधी इझ्झ अल दीन झुल्फिकार यांच्याकडे सोपवला होता आणि त्यांच्या आजारपणामुळे तो शाहीन यांच्याकडे आला. शीर्षकातला ‘नासिर’ हा सलादिनचा ऐतिहासिक किताब असला, तरी १९६३ मध्ये तो शब्द ऐकून कोणाला काय आठवेल हे सर्वांना माहीत होते. गुणगान होतेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. तरीही त्यातले ईसा अल अव्वाम हे पात्र पाहा. इतिहासातला हा मुसलमान पाणबुड्या चित्रपटात ख्रिस्ती अरब झाला आहे आणि तो सलादिनच्या बाजूने लढतो. जेरुसलेमची लढाई धर्मांची नसून भूमीची आहे, असे सांगणारे हे पात्र अलेक्झांड्रियाच्या एका ख्रिस्ती मुलाने रंगवले, हा मला योगायोग वाटत नाही.

कोरडवाहू

वरच्या प्रतिसादातले बहुतेक सारे पटले, पण ‘अल अर्द’ त्यात राहून गेला, आणि माझ्या लेखी शाहीन यांचे सर्वोत्तम काम तेच आहे. स्वतःला पडद्यावर न ठेवता त्यांनी ते केले आहे, त्यामुळे ‘धागा’ इथे जरा ताणावा लागतो.

आधी पार्श्वभूमी. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इजिप्तच्या सरकारने चित्रपटधंद्याचा मोठा भाग ताब्यात घेतला. शाहीन यांचे त्या सरकारी यंत्रणेशी फार काळ जमले नाही. ते लेबनॉनला निघून गेले आणि तिथे १९६५ मध्ये फैरूझ या गायिकेला घेऊन, रहबानी बंधूंच्या संगीतिकेवरून ‘बय्या अल ख्वातिम’ हा चित्रपट केला. (धागाकर्त्यांनी ‘अल मसीर’मधल्या गाण्यांबद्दल आश्चर्य व्यक्त केले आहे. गाणे हा या माणसासाठी उतारवयातला शौक नव्हता, एवढे यावरून दिसावे.) त्यानंतर अस्वान धरणावर सोव्हिएत संघाच्या भागीदारीत त्यांनी जो चित्रपट केला, तो १९६८ मध्ये दोन्ही सरकारांनी नापसंत केला आणि शेवटी तो बऱ्याच अंशी नव्याने करावा लागला. म्हणजे ‘जे चालत होते ते करत राहणारा’ माणूस दोन दोन सरकारांना एकाच वेळी नाराज करून बसला होता.

‘अल अर्द’ची निर्मिती मात्र सरकारी चित्रपट संस्थेचीच. अब्द अल रहमान अल शरकावी यांची १९५४ सालची कादंबरी तिचा आधार आहे. गावाला शेतीसाठी १० दिवस मिळणारे पाणी ५ दिवसांवर आणले जाते, आणि वर महमूद बे या जमीनदाराच्या वाड्याकडे जाणारा रस्ता शेतकऱ्यांच्या वावरातून काढायचे ठरते. पाणी कमी झाल्यावर गाव शत्रूवर तुटून पडण्याआधी आपापसांतच भांडते. बांधावर, कालव्याच्या तोंडाशी, चिखलात एकमेकांना लोळवणारे ते शेजारी, आणि त्या मारामारीत एक म्हैस पाण्यात पडली हे कळताच सगळे भांडण विसरून तिला वर काढायला धावणारे तेच शेजारी! शेतकऱ्याचे जगणे ज्याला ठाऊक आहे तो या प्रसंगाला हसतो आणि मग गप्प होतो.

अबू सुवैलमच्या भूमिकेसाठी शाहीन यांनी महमूद अल मलिगी यांना घेतले. हा नट इजिप्तच्या पडद्यावरचा नामांकित खलनायक. त्याला गावाचा कणा बनवणे हे मोठे धाडस होते. तुरुंगात त्याची मिशी भादरली जाते. परतल्यावर तो तोंड लपवतो, आणि जुन्या सोबत्यांना ब्रिटिशांविरुद्धच्या १९१९च्या उठावाच्या दिवसांची आठवण करून देताना त्याचा आवाज चढत नाही, उलट खाली उतरत जातो. आम्ही तेव्हा पुरुषासारखे उभे राहिलो होतो, असे तो म्हणतो, तेव्हा त्यात आताच्या प्रत्येकावर, त्याच्या स्वतःवरही, ठपका आहे.

शेवटाविषयी. पाय बांधलेल्या अबू सुवैलमला घोडा कापसाच्या शेतातून फरफटत नेतो आहे. कॅमेरा चेहऱ्यावर थांबत नाही, तो हातांवर येतो. बोटे मातीत रुततात, झाडे धरू पाहतात, सुटतात, पुन्हा रुततात, आणि मागे मातीत चर उमटत जातात. पांढऱ्या बोंडांच्या शेजारी रक्त दिसते. मागे गाणे आहे की जमीन तहानलेली असेल तर आम्ही तिला आमच्या रक्ताने भिजवू. हा चित्रपट १९६७च्या पराभवानंतर पाहणाऱ्या इजिप्शियन प्रेक्षकाला सिनाईची गेलेली जमीन आठवली नसेल, असे संभवत नाही.

यानंतरची पायरी म्हणजे ‘अल उस्फूर’, म्हणजे ‘चिमणी’ (१९७२). तुम्ही ज्याचा उल्लेख केला तो हाच. त्यात सामान्य माणसे देश वाचवू पाहत असतात आणि वरची मंडळी कारखान्याची यंत्रसामग्री चोरून विकत असतात. पराभव रणांगणाच्या आधी गोदामात झाला होता, असा त्याचा रोख आहे. ९ जून १९६७ रोजी नासर दूरचित्रवाणीवर येऊन पद सोडत असल्याचे जाहीर करतात. खोलीत सगळे सुन्न बसलेले असताना बहिय्या नावाची घर चालवणारी बाई उठते, ‘नाही, आम्ही लढणार’ असे ओरडत रस्त्यावर धावते, आणि एकेका दारातून माणसे तिच्यामागे येऊ लागतात. ती नासर यांच्या बाजूने ओरडते आहे की नासर यांच्याशिवाय, यावर आजही वाद घालता येतो. इजिप्तमध्ये हा चित्रपट १९७४ पर्यंत प्रदर्शित होऊ शकला नाही. म्हणून मला शाहीन यांचा नासर यांच्याशी असलेला संबंध संधिसाधूपणाचा वाटत नाही. ज्याने मनापासून विश्वास ठेवला होता, त्यालाच इतका राग येऊ शकतो.

मतभेद_नोंदवतो

दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, परंतु त्यांत कौतुकाचे पारडे फार जड झाले आहे, म्हणून दुसरी बाजू मांडणे आवश्यक वाटते.

१९७२ मध्ये शाहीन यांनी ‘मिस्र इंटरनॅशनल फिल्म्स’ ही स्वतःची संस्था काढली आणि पुढे त्यांचे चित्रपट अधिकाधिक परदेशी, विशेषतः फ्रेंच, भागीदारीवर उभे राहिले. त्यामुळे स्वातंत्र्य मिळाले हे खरे, पण त्याची किंमतही मोजावी लागली. ‘वदाअन बोनापार्ट’ (१९८५) पाहा. १७९८च्या फ्रेंच स्वारीवरचा चित्रपट, मिशेल पिकोली आणि पात्रिस शेरो असे मोठे फ्रेंच कलावंत, आणि मध्यवर्ती नाते कोणते, तर सेनापती काफारेली आणि एक इजिप्शियन तरुण यांच्यातल्या ओढीचे. आक्रमक सैन्यातला सुसंस्कृत अधिकारी आणि त्याच्याकडून शिकू पाहणारा कवी हे समीकरण मला अजूनही खटकते. फ्रेंचांना वाटले त्यांच्या नेपोलियनची टिंगल केली, इजिप्शियनांना वाटले आक्रमकाला गोंजारले. आणि दोघांचेही थोडे थोडे खरे होते.

‘अल मसीर’विषयीही माझी तक्रार आहे. इब्न रुश्द यांचे तत्त्वज्ञान त्यात जवळजवळ नाही. आहे तो एक हसरा, खवय्या, सर्वांना आवडणारा आजोबा. धर्मांध मंडळी हिरवे कपडे घालून एका सुरात बोलतात आणि एखाद्या तरुणाला फितवायला त्यांना फार कष्ट पडत नाहीत. ज्या दिग्दर्शकाने १९५८ मध्ये किनावीसारखा खुनशी माणूसही आतून समजावून दिला, त्याने १९९७ मध्ये शत्रूला पुठ्ठ्याचे करून टाकावे, ही घसरण नव्हे काय? धागाकर्त्यांना तीन वेगळे दिग्दर्शक दिसले याचे कारण त्यांनी मधले चित्रपट पाहिले नाहीत एवढेच नाही; काही अंशी त्यांना दिसले ते खरेच आहे.

जुनी_रिळे

पुठ्ठ्याच्या शत्रूंबाबतची तक्रार मी बरीचशी मान्य करतो. तरी ‘अल मसीर’ कोणत्या हवेत तयार झाला, हे पाहिल्यावाचून निकाल देऊ नये.

१९९२ मध्ये धर्मांधांवर टीका करणारे लेखक फरग फोदा यांची कैरोत धर्मांधांकडून हत्या झाली. १९९४ मध्ये शाहीन यांचा ‘अल मुहाजिर’ आला. त्याची कथा उघडच बायबल आणि कुराणातल्या योसेफची होती. धार्मिक संस्थेच्या आक्षेपामुळे आधीच्या संहितेत बदल करून नायकाचे नाव ‘राम’ ठेवण्यात आले होते, तरीही प्रेषिताचे चित्रण केल्याचा आरोप ठेवून एका वकिलाने खटला भरला आणि वर्षअखेर न्यायालयाने चित्रपटावर बंदी घातली. पुढच्या वर्षी ती उठली. त्याच १९९४च्या ऑक्टोबरमध्ये कादंबरीकार नजीब महफूज यांच्या मानेवर एका धर्मांधाने सुरा चालवला. महफूज हे शाहीन यांचे जुने सहकारी. ‘अल इख्तियार’ या चित्रपटाचे लेखन दोघांनी मिळून केले होते. आता ‘अल मसीर’मधला गायक मरवान आठवा. मोहम्मद मुनीर यांनी रंगवलेल्या त्या गायकावर हल्ला होतो तो कुठे? मानेवर. ज्याच्या मित्राला तीन वर्षांपूर्वी असेच भोसकले गेले होते, तो माणूस मारेकऱ्याचे मन समजावून सांगण्याच्या मनःस्थितीत नव्हता. कलेच्या दृष्टीने ही त्रुटी असेल, पण ती कुठून आली हे दिसते. आणि त्या गाण्याचे म्हणणे तरी काय? आवाज चढवा, गाणी अजून शक्य आहेत. गाणे तिथे सजावट म्हणून नाही. धर्मांधांना ज्याची भीती वाटते ते गाणेच आहे.

आता मूळ मुद्द्याकडे. धागाकर्त्यांनी यापुढे पाहायचा तो अलेक्झांड्रियाविषयीचा आत्मचरित्रात्मक गट. ‘इस्कंदरिया... लेह?’ (‘अलेक्झांड्रिया... का?’) १९७९ मध्ये बर्लिनला रौप्य अस्वल आणि परीक्षक मंडळाचा विशेष सन्मान घेऊन आला. १९४२ साली जर्मन सेनापती रोमेलचे सैन्य अल अलामेनपर्यंत पोहोचले आहे, शहर घाबरलेले आहे, आणि यह्या नावाचा शाळकरी मुलगा हॅम्लेटची स्वगते म्हणत अमेरिकेला जाण्याची स्वप्ने पाहतो आहे. शेवटी बोट न्यूयॉर्कला पोहोचते तेव्हा स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा चेहरा एका रंगरंगोटी केलेल्या, खदखदून हसणाऱ्या बाईचा होतो. स्वतःच्या तरुणपणीच्या स्वप्नाची इतकी निर्दय थट्टा मी क्वचित पाहिली आहे.

त्यानंतरचा ‘हद्दूता मिस्रिय्या’ (१९८२) तर तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तरच आहे. शाहीन यांच्यावर हृदयाची मोठी शस्त्रक्रिया झाली होती. चित्रपटात तोच प्रसंग यह्या नावाच्या दिग्दर्शकावर येतो. भूमिका नूर अल शरीफ यांची, जे पुढे इब्न रुश्द झाले. शस्त्रक्रियेच्या मेजावर तो बेशुद्ध असताना त्याच्या शरीराच्या आत न्यायालय भरते, आणि आरोप ठेवणारा असतो त्याच्यातलाच लहान मुलगा. आई, बहीण, बायको साक्षीला येतात. यह्याचे चित्रपट, महोत्सवांतली त्याची बक्षिसाची हाव, घराकडे केलेले दुर्लक्ष, राज्यकर्त्यांपुढचे मौन असे सगळे कामकाजात मांडले जाते. शाहीन यांच्या खऱ्या चित्रपटांचे तुकडे त्यात पुरावा म्हणून येतात, ‘बाब अल हदीद’ सुद्धा. १९९० मध्ये पडद्यावर आलेल्या ‘इस्कंदरिया कमान व कमान’मध्ये तर नटाची आडही गळून पडते आणि १९८७च्या कलावंतांच्या आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर शाहीन स्वतःच यह्या होतात. गटातला चौथा, ‘इस्कंदरिया... न्यूयॉर्क’ (२००४), तुलनेने सैल आहे. तो शेवटी पाहिला तरी चालेल.

‘वदाअन बोनापार्ट’विषयी एकच गोष्ट. काफारेली यांना खरोखरच लाकडी पाय होता, त्यामुळे तो शाहीन यांचा शोध नव्हे. पण नेपोलियनच्या सेनापतींपैकी नेमका तोच त्यांनी निवडावा, आणि तो लंगडत लंगडत अशा एका तरुणाच्या मागे जावा ज्याच्या जगात त्याला प्रवेश नाही, हे पाहताना मला स्थानकावरचा वर्तमानपत्रवाला आठवतो. चित्रपट फसला असेल, तरी हात त्याच माणसाचा आहे.

कोरडवाहू

एक पुरवणी जोडतो, कारण शेवटच्या चित्रपटाचा उल्लेख कोणी केला नाही. १९९७ मध्ये कान महोत्सवाने आपल्या पन्नाशीचा विशेष पुरस्कार शाहीन यांना समग्र कामगिरीसाठी दिला, तेव्हा ते ७१ वर्षांचे होते, आणि अनेकांनी कारकीर्द तिथेच संपल्याचे गृहीत धरले. ‘हीया फौदा’ (२००७) त्यांनी आपले शिष्य खालिद यूसुफ यांच्यासोबत दिग्दर्शित केला. कैरोतल्या शुब्रा वस्तीतला एक लाचखोर, क्रूर पोलीस त्यात आहे, आणि शेवटी वस्तीच पोलीस ठाण्यावर चालून जाते. बांधणी ढोबळ आहे, शिष्याचा हात बराच जाणवतो. तरी त्यातला राग ‘अल उस्फूर’मधलाच आहे. २७ जुलै २००८ रोजी शाहीन गेले आणि त्यांना अलेक्झांड्रियात पुरण्यात आले. अडीच वर्षांनी इजिप्तचे लोक पोलिसी अत्याचारांविरुद्ध रस्त्यावर उतरले ते पोलीस दिनाचा मुहूर्त साधून, २५ जानेवारीला. ती शाहीन यांची जन्मतारीखही होती. यात अर्थ शोधू नये, पण लक्षात राहते खरे.

उशिरा_आलेला

सर्वांचे आभार. उत्तर लिहायला आठवडा लागला, कारण आधी ‘हद्दूता मिस्रिय्या’ पाहिला आणि मग ‘बाब अल हदीद’ पुन्हा पाहिला.

मतभेद_नोंदवतो यांची तक्रार मला अजूनही रास्त वाटते. ‘अल मसीर’मधले शत्रू दुसऱ्या खेपेला तर अधिकच पातळ वाटले. परंतु एक गोष्ट पहिल्या वेळी माझ्या नजरेतून निसटली होती. ‘बाब अल हदीद’च्या शेवटी किनावी रुळांवर हनूमाच्या गळ्याला सुरी लावून बसलेला असतो. त्याला आसरा देणारा म्हातारा मदबूली बापासारखा त्याच्याजवळ जातो आणि सांगतो की तुझे हनूमाशी लग्न ठरले आहे, चल, हे लग्नाचे कपडे घाल. किनावीचा चेहरा उजळतो, तो सुरी सोडतो, लहान मुलासारखा हात पुढे करून पांढऱ्या बाह्यांत घालतो. बाह्या लांब आहेत. त्या मागे ओढून बांधल्या जातात तेव्हा कुठे त्याला कळते की हा वेड्यांना घालतात तो अंगरखा आहे.

‘हद्दूता मिस्रिय्या’मध्ये शस्त्रक्रियेच्या मेजावरच्या यह्याला पाहिल्यावर मला त्या बाह्या आठवल्या. पहिल्या वेळी किनावी कोणी साकारला आहे, हे मी नामावलीत पाहिलेच नव्हते. आता ‘अल इख्तियार’ मिळवतो आहे.